ताटातलं नाव

भाऊंनी सेंट मार्क चौकाच्या मधोमध पाठीवरची पिशवी उतरवली आणि तिच्यातून आधी पंचा, मग चांदीचं ताट आणि मग तांदळाची पुडी काढली. भोवती निम्मं जग उन्हानं लाल होऊन हिंडत होतं. कोणी आइस्क्रीम चाटत होतं, कोणी चर्चच्या रांगेत उभं राहून रांगेलाच शिव्या घालत होतं. त्या गर्दीत माझे सासरे दगडी फरशीवर पंचा अंथरून मांडी घालून बसले आणि ताटात तांदूळ पसरू लागले.

"अमोघ, अंगठी काढ," ते म्हणाले. "सूनबाई, तू त्याच्या डाव्या हाताला बस. आणि तू गं, जरा मागे सरक. फोटोत घंटाघर यायला हवं."

शेवटचं वाक्य सासूबाईंना होतं. त्या मागे सरकल्या.

ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली. हर्डीकरांच्या घरात सुनेचं नाव बदलतं, ही त्या घराण्याची रीत. नवऱ्यानं तांदळावर सोन्याच्या अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, मंडळींनी पेढे खायचे आणि जुन्या नावावर पाणी सोडायचं. आमच्या लग्नात हा विधी राहून गेला होता. गुरुजींना त्याच सकाळी मिरजेत दुसरं लग्न लावायचं होतं, ते सप्तपदी उरकून, दक्षिणा खिशात घालून रिक्षात बसले. मला वाटलं, सुटले. पण भाऊ विसरणाऱ्यातले नव्हते. उभा जन्म त्यांनी सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवला होता, निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापक होते. गृहपाठ राहिलेल्या पोराला ते मे महिन्याच्या सुट्टीत घरी बोलावून तो पुरा करून घेत. मीही त्यांच्या लेखी गृहपाठ राहिलेली पोर होते.

माझं नाव प्रवरा. वडील पाटबंधारे खात्यात, मी झाले तेव्हा त्यांची नेमणूक प्रवरेच्या कालव्यावर होती. भाऊंना हे नाव बघण्याच्या कार्यक्रमापासून खुपत होतं. "नदी नकाशात शोभते, स्वयंपाकघरात नाही," असं ते पोह्यांची बशी हातात धरून म्हणाले होते. माझ्यासाठी त्यांनी 'सुहासिनी' हे नाव काढलं, कारण सून कशी हसतमुख असावी. हे कळल्यापासून त्या घरात मी एकदाही हसले नव्हते.

दारावर लावायची पितळी पाटी तयार होती. परतल्यावर बँक, पासपोर्ट, सगळीकडे नाव बदलायचं होतं. मी नाही म्हणून सांगितलं होतं, एकदा अमोघला आणि एकदा खुद्द भाऊंना. भाऊ म्हणाले, "सवय होते." अमोघ म्हणाला, "ताटापुरतंच आहे गं, त्यांना बरं वाटेल." माझा नवरा तसा चांगला माणूस. फक्त वडिलांसमोर त्याचा कणा कुठे जायचा, ते मला तोवर सापडलेलं नव्हतं.

चौघांनी मिळून इटलीला जायचं ठरलं तेव्हा भाऊंच्या डोक्यात कल्पना आली. नाव ठेवायचं तर व्हेनिसमध्ये. विधीही होईल, फोटोही निघेल आणि सांगलीतले नातेवाईक महिनाभर जळतील.

त्या दिवशी सकाळी भाड्याच्या घरातल्या इवल्या स्वयंपाकघरात मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या सांगलीहून आणलेल्या कुकरशेजारी पोहे भिजवत होत्या. तुपाची बाटली, मेतकुटाचा डबा, सगळा संसार त्यांनी सोबत आणला होता.

"आई, तुमचंही नाव भाऊंनीच ठेवलं ना?"

"हो तर. ते भालचंद्र, म्हणून मी चंद्रप्रभा. आमच्या मांडवात केवढं कौतुक झालं होतं त्या नावाचं."

"आणि हाक कशी मारतात? मी कधी ऐकली नाही."

त्या हसल्या. "'अगं' म्हणतात. एवढं मोठं नाव कोण घेत बसणार?"

"आधीचं नाव काय होतं तुमचं?"

"मिरच्या चिर बरं," त्या म्हणाल्या. "मोठ्या चिर, ह्यांना काढून टाकता आल्या पाहिजेत."

तर, चौकात अमोघनं अंगठी काढली आणि तांदळात 'सु' काढला. इतक्यात पहिलं कबुतर ताटाच्या काठावर उतरलं. ते जरा संकोचलेलं होतं. दुसऱ्याला संकोच नव्हता. पाठोपाठ चौकातली झाडून सगळी कबुतरं आमच्यावर लोटली. क्षणात 'सु' गेला, मग तांदूळ गेले, मग ताटच दिसेनासं झालं. भाऊ "हुश, हुश" करत पंचा झाडत होते आणि एक कबुतर त्यांच्या डोक्यावर बसून शांतपणे चौक पाहत होतं. आजूबाजूच्या पन्नासेक पर्यटकांनी आपापले कॅमेरे आमच्याकडे वळवले. भाऊंना फोटो हवा होता, तो असा मिळाला.

गर्दीतून गणवेशातली एक बाई तरातरा आली.

"नो फीडिंग!" ती ओरडली. "नो सिटिंग!"

"मॅडम," भाऊ डोक्यावरच्या कबुतरासकट म्हणाले, "धिस इज नॉट फीडिंग. धिस इज नेमिंग."

बाईनं हात कमरेवर ठेवले. मला हसू फुटलं, आवरेना. त्या घरात गेल्यापासून तेवढा वेळ मी खरोखरच सुहासिनी होते.

आम्ही उठलो, पंचा झटकला, रिकामं ताट पिशवीत गेलं. पडले तरी नाक वर, अशा आवाजात भाऊ म्हणाले, "काही बिघडत नाही. निम्मे तांदूळ घरी देवापुढे ठेवलेत मी. संध्याकाळी तिथेच उरकू. पाखरं तरी नसतील."

माझं हसू तिथल्या तिथे विरलं. संध्याकाळपर्यंतच मी प्रवरा होते.

तेवढ्यात कुठल्याशा बोटीतून उतरलेला मोठा घोळका, पुढे छत्री उंच धरलेला गाइड, आमच्यामधून गेला. तो सरेपर्यंत आम्ही अंग चोरून उभे राहिलो. सरला तेव्हा आम्ही तिघंच होतो.

"आई कुठंय?" अमोघ म्हणाला.

"मागे असेल," भाऊ न वळता म्हणाले आणि चालू लागले. "ती मागेच असते."

मी वळून पाहिलं. मागे कबुतरं होती.

भाऊ घरातून निघाले की पुढे चालत आणि सासूबाई दहा पावलं मागून. सांगलीच्या बाजारपेठेत हे चालून जाई, कारण तिथे सगळी पेठ दोघांना ओळखत होती. इथे अमोघनं चौकाच्या दोन्ही बाजू पालथ्या घातल्या आणि घामाघूम होऊन परत आला. मग त्यानं आईच्या मोबाइलवर फोन लावला. भाऊंच्या पोटातून गणपतीच्या आरतीची धून वाजू लागली. सासूबाईंचा फोन, पासपोर्ट, औषधं, सगळं भाऊंच्या कमरेच्या पाकिटात होतं. "ती हरवेल म्हणून मी ठेवलं," भाऊ म्हणाले. वस्तू हरवतील असं त्यांना म्हणायचं होतं बहुधा.

अमोघला आम्ही घराकडे पाठवलं, न जाणो त्या तिकडे गेल्या असल्या तर. मी भाऊंना ओढत एका पोलिसाकडे नेलं. भाऊ आयुष्यात कोणाला रस्ता विचारत नसत, तेव्हा बायको विचारणं त्यांना जडच गेलं.

"नाव?" पोलिसानं इंग्रजीत विचारलं.

"मिसेस हर्डीकर."

"पहिलं नाव?"

भाऊंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पाकिटातून पासपोर्ट काढून त्याच्यासमोर धरला. पोलिसानं त्या लांबलचक अक्षरांकडे आदरानं पाहिलं आणि वाचायचा नाद सोडला.

"कपडे कोणते?"

"साडी."

"रंग?"

भाऊ माझ्याकडे बघू लागले. रोज चहाचा कप घेऊन समोर उभी राहणारी बाई त्यांना डोळ्यांपुढे आणता येईना.

"आमसुली," मी म्हटलं. "पायात पांढरे बूट." आणि ते त्या पोलिसाला समजावून सांगितलं. मला भाऊंचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघायचीही इच्छा राहिली नव्हती.

"थांबा इथेच," पोलीस म्हणाला. पण थांबणं भाऊंच्या स्वभावात नव्हतं. ते नाकाच्या रेषेत निघाले, मी मागून. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून जाडा माणूस आला तर एकानं दुकानात शिरायचं. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्या होत्या, पण भूगोलाच्या मास्तरांनी पाट्या वाचायच्या म्हणजे इभ्रतीचा प्रश्न. "सूर्य त्या अंगाला आहे, म्हणजे आपण उत्तरेला चाललोय," असं म्हणून त्यांनी मला एका गल्लीतून नेलं, ती सरळ पाण्यात जाऊन संपली. दुसरी गल्लीही पाण्यात. तिसरीनं आम्हाला एका मुखवट्यांच्या दुकानासमोर आणलं, आणि चौथीनंही त्याच दुकानासमोर. दारातला लांब नाकाचा मुखवटा आता आम्हाला ओळखू लागला असावा.

हळूहळू भाऊंचा आवाज बदलला.

"तिला इंग्रजी येत नाही गं," ते म्हणाले. "पैसे नाहीत जवळ. रस्ता ओलांडायचा तरी ती माझ्या मागून ओलांडते."

"इथे रस्तेच नाहीत, भाऊ."

"म्हणूनच भीती वाटते." त्यांनी पंचा काढून तोंड पुसलं, तर पंच्यातले तांदळाचे दोन दाणे मिशीला चिकटले. एरवी मी हसले असते.

पैसे सासूबाईंकडे होते, हे मला ठाऊक होतं. सकाळी मीच एक नोट त्यांच्या हातात कोंबली होती, कारण या गावात स्वच्छतागृहालाही पैसे पडतात आणि दर वेळी नवऱ्यापुढे हात पसरायची त्यांना लाज वाटे. हे मी भाऊंना सांगितलं नाही. थोडी भीती त्यांना मानवली असती.

पुढच्या वळणावर आम्ही पुन्हा पाण्याशी आलो. हा कालवा जरा रुंद होता. पलीकडच्या काठाला पायऱ्या होत्या आणि त्या पायऱ्यांवर, आमच्याकडे पाठ करून, आमसुली साडी बसली होती. पांढरे बूट शेजारी काढून ठेवलेले. हातात आइस्क्रीमचा कोन. समोरच्या अंगणात कोणी वाद्य वाजवत होतं ते त्या मान डोलावत ऐकत होत्या.

"सापडली!" भाऊ ओरडले आणि पूल शोधायला लागले. जवळपास पूल नव्हता. डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत. काखेत कळसा होता आणि गावाला वळसा घालायचीही सोय नव्हती.

"आई!" मी हाक मारली. सासूबाई हलल्या नाहीत. माझ्या आवाजातली 'आई' त्यांच्या कानांना अजून नवी होती, त्यात वाद्य जोरात होतं.

"अगं ए!" भाऊंनी तोंडाशी हात धरून आरोळी ठोकली. "अगं!"

दूर कोपऱ्यावरच्या पुलावरून एकसारख्या टोप्या घातलेली आपल्याकडची एक सहल चालली होती. तिच्यातल्या तीन बायका गर्रकन वळल्या. तिघींच्या चेहऱ्यावर एकच भाव, आता काय राहिलं करायचं. आपला नवरा नाही असं दिसल्यावर तिघी पुढे गेल्या. सासूबाईंनी आइस्क्रीम चाटलं.

"नावानं मारा हाक," मी म्हटलं.

भाऊंनी घसा साफ केला. "चंद्रप्रभा!"

कोणीच वळलं नाही.

"चंद्रप्रभा! अगं चंद्रप्रभा!" त्यांनी चार-पाच वेळा हाक दिली. शेवटच्या हाकेला त्यांचा आवाज फाटला. कालव्यातून जाणाऱ्या बोटीतली माणसं कुतूहलानं पाहू लागली. ज्या नावाचं मांडवात एवढं कौतुक झालं, ते नाव त्या पाण्यावरून पलीकडे गेलं, आपल्या बाईपाशी पोचलं आणि तिला ओळखत नसल्यासारखं पुढे निघून गेलं. सासूबाई आता बुटांत पाय घालत होत्या. उठल्या असत्या आणि पुन्हा गर्दीत गेल्या असत्या.

"भाऊ," मी म्हटलं, "त्यांचं माहेरचं नाव काय?"

"ते कशाला आता?"

"काय होतं?"

भाऊ पाण्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, विसरले. विसरले असते तर मी त्यांना कधीच माफ केलं नसतं.

"बकुळ," ते म्हणाले.

"मारा हाक."

"चारचौघांत?"

"मारा, भाऊ. त्या चालल्या."

"बकुळ," ते पुटपुटले. मग माझ्याकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि ओरडले, "बकुळ!"

"ओ!"

इतकी खणखणीत ओ मी त्या बाईंच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. अंगणात खेळणाऱ्या पोरीनं घरातल्या हाकेला द्यावी तशी. त्या उभ्या राहून वळल्या, चेहरा असा उजळलेला की मला गलबलून आलं. त्यांनी आमचा काठ पाहिला, मला पाहिलं, भाऊंना पाहिलं, आणि त्यांची नजर आम्हाला ओलांडून मागे गेली. त्या दुसऱ्याच कोणाला शोधत होत्या. या नावानं हाक मारणारी माणसं कधीच गेली होती, हे आठवायला त्यांना जरा वेळ लागला.

मग नजर परत भाऊंवर आली.

"तुम्ही?" त्या पलीकडून म्हणाल्या. "तुम्ही मारलीत हाक?"

भाऊंनी मान हलवली. शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलासारखे ते दिसत होते.

"तिथंच थांबा," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका, चुकाल. मी येते. आधी हे संपवते."

त्यांनी उभ्या उभ्या सावकाश आइस्क्रीम संपवलं, रुमालानं बोटं पुसली आणि गल्लीत शिरल्या. थोड्याच वेळात त्या आमच्या मागच्या बाजूनं आल्या. पिवळ्या पाटीवरच्या बाणाकडे बघत आल्या होत्या.

भाऊंची वाचा परतली. "अक्कल आहे का काही? न सांगता असं निघून जायचं?"

"मी कुठे निघून गेले? मी होते तिथेच उभी होते. पुढे तुम्ही गेलात. 'अहो' म्हणून दोनदा ओरडले. दुसरेच कोणी दोघे वळले."

"आणि इकडून मी बोंबलत होतो ते? चंद्रप्रभा, चंद्रप्रभा म्हणून?"

"ऐकलं की," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, असेल कोणी."

परतीच्या वाटेवर सासूबाई पुढे होत्या. त्या पाट्या वाचत, दुकानांशी थांबत चालत होत्या, त्या थांबल्या की भाऊही थांबत. मला मात्र संध्याकाळची धास्ती होती. देवापुढचे तांदूळ होते, अंगठी होती, आणि भाऊंना गृहपाठ विसरायची सवय नव्हती.

घरी अमोघ दारातच आईला बिलगला. मी खोलीत जाऊन पडले. भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी मनाशी वाक्यं जुळवत होते, काय म्हणायचं, कोणत्या शब्दांत, आणि अमोघ गप्प बसला तर त्याचं काय करायचं.

"प्रवरा!" सासूबाईंनी हाक मारली. लग्न झाल्यापासून मी 'सूनबाई' होते. "प्रवरा, पानं वाढ गं."

खिडकीशी टेबल होतं, खाली कालवा, अजून बाहेर चांगलं ऊन होतं. वरण-भात आणि मेतकूट. भाऊंनी अंघोळ करून स्वच्छ सदरा घातला होता. त्यांनी दोन घास खाल्ले आणि घसा साफ केला. ते खाकरणं मी ओळखत होते.

"जेवण झालं की ते उरकून घेऊ," ते म्हणाले. "अमोघ, अंगठी तयार ठेव."

अमोघनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "भाऊ," तो म्हणाला, "मी लिहिणार नाही." त्याचा आवाज कापत होता, पण शब्द सगळे बाहेर आले. कणा होता तर.

"तू मध्ये बोलू नकोस," भाऊ म्हणाले. "अगं, ते देवापुढचे तांदूळ कुठे ठेवलेस?"

सासूबाई जेवत राहिल्या.

"अगं, तुला विचारतोय."

त्यांनी लोणच्याची फोड बाजूला केली.

भाऊ थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अमोघकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या पाण्याकडे पाहिलं. तिथून एक बोट गेली आणि लाटा भिंतीवर आपटून शांत झाल्या.

"बकुळ," ते हळूच म्हणाले. "तांदूळ कुठे आहेत?"

"ओ," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या पानात."

भाऊंनी पानाकडे पाहिलं. भात मोकळा झाला होता, वाफ अजून निघत होती.

"तूप वाढू?" सासूबाईंनी विचारलं.

"वाढ," भाऊ म्हणाले.